काट्यावर न चढलेली बाई

माहं नाव रजनी मेश्राम. गाव कुही तालुक्यातलं, पण मी लहान असतानाच बाबा आमाले घेऊन नागपूरले आले, कारण बाबा पेंटर, अन् घरं रंगवायचं काम गावात असून असून किती असन जी. इथं प्रताप नगराच्या मागं एका खोलीत आमी राहिलो, आमी चौघं अन् बाबाचे रंगाचे डबे, म्हणून माह्या लहानपणाचा वास म्हणाल त टर्पेंटाईनचा हाय. माहा आजा छप्पनले दीक्षेले गावातून पायी आलता, ते बाबा लय सांगे, का तुहा आजा त्या दिवशी ताठ झाला तो मंग मरेपर्यंत वाकला नाही, तू भी कोणापुढं वाकू नको. अन् मले खेळच असा भेटला का ज्यात वाकलं का तोंडावर गुडघा बसते.

एमएमए म्हणते त्याले. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकात, अन् भोवताल जाळी, आमी त्याले पिंजराच म्हणतो. मी शाळेत कबड्डी खेळे, तिथं गुड्डूभाऊनं मले पाह्यलं. गुड्डूभाऊ म्हणजे माहे कोच भी तेच अन् मॅनेजर भी तेच, खाली त्याहिची मोबाईल रिपेरिंगची दुकान अन् वर मॅट टाकून क्लास, म्हणजे खाली फुटलेले मोबाईल अन् वर फुटलेले पोट्टेपोट्ट्या. मायनं पहिल्यांदा माही लढत मोबाईलवर पाह्यली त म्हणे, हा खेळ हाय का भांडण हाय वं? म्या म्हटलं, भांडणच हाय माय, पण दोघीच्या मर्जीनं. तिनं मोबाईल उलटा करून ठेवला. आता पाह्यते, पण स्वयंपाकघराच्या दारातून.

आता तुमी पैशाचं विचारून राहिले त सांगते, आमच्यात पगार नाही राहत. लढलं त पैसे, ते भी दोन तुकड्यात, पिंजऱ्यात उभं राहायचे अर्धे अन् जिंकायचे अर्धे, हरली का एक तुकडा गेला. त्यातून मॅनेजरचा हिस्सा, जायचं-यायचं, अंडे, बदाम, टेप, सगळं आपलंच. अन् कंपनीसंग कागद होते, का इतक्या लढती तुमी आमच्याकडंच लढान, दुसऱ्या कोणाकडं नाही. कागद इंग्रजीत, वीस-बावीस पानाचा, अन् गुड्डूभाऊचं प्रत्येक कागदाबद्दल एकच म्हणणं राहे, सही कर रजनी, बाकीचं पाहू. अन् मी करे भी. माणूस मनाचा लय चांगला, पण कागद दिसला का त्याचा पेन आपोआप खिशातून बाहेर येये.

तर झालं असं जी, तीन-चार वर्षाआधी एका मोठ्या कंपनीचा शो नागपूरले ठेवला, इनडोअर हॉलमंदी, अन् बायकांच्या मोठ्या लढतीतली एक पोरगी आठ-दहा दिवस आधी जखमी झाली. मंग त्याहिले नागपूरचीच कोणी पाहिजे होती, म्हणजे तिकिटं खपतीन. गुड्डूभाऊले फोन आला. तीन लढतीचा करार, टीव्हीवर दाखवणार. गुड्डूभाऊनं फोन ठेवला अन् दुकानातल्या गिऱ्हाईकाचा मोबाईल फुकटात दुरुस्त करून देल्ला, इतका खुश. अन् समोर कोण, त सुवर्णाताई. काय सांगू तुमाले, जिचे व्हिडिओ पाहून पाहून मी समोरचीचा पाय धरून पाडायचं शिकली, ती बाई. सातारकडची, माण तालुक्यातली, कुस्तीतून आलेली, माह्यापेक्षा नऊ-दहा वर्षानं मोठी.

आता वजनाचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच हाय. लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहा लागते अन् ठरलेलं वजन भरा लागते, थोडंसं भी जास्त चालत नाही. म्हणून दोन दिवस आधीपासून पाणी जवळपास बंद, प्लास्टिकचा कोट घालून घाम काढायचा. वजन झालं का मंग प्या, खा, अन् दुसऱ्या दिवशी लढा. बाकीच्या गावात पोरी वाफेच्या खोलीत बसते, पण नागपुरात मे महिन्यात त्याची काही गरज हाय का जी? हॉटेलच्या गच्चीवर गेलं का झालं.

त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेली त तिथं सुवर्णाताई आधीच कोट घालून चालून राहिली होती. आमच्यात लढतीआधी एकमेकीसंग बोलत नाही. मी एका टोकाले, ती दुसऱ्या टोकाले, दोघी आपापल्या भिंतीकडं तोंड करून फिरून राहिलो, थुंकायले भी तोंडात थुंक नाही. मंग तीच जवळ आली अन् म्हणे, सही केलीस का गं कागदावर? म्या म्हटलं, वजन झाल्यावर करणार हाय, कागद गुड्डूभाऊजवळ हाय. तर म्हणे, दुखापतीचं वाचलंस? मी आपली भिंतीकडं पाहाले लागली. तिले समजलं का वाचलं नाही.

मंग तिनं आपलं सांगतलं, चालता चालताच. तिचा गुडघा गेलता, सरावात. करारात लिहिलं होतं का पिंजऱ्याजवळचा डॉक्टर पाह्यल तेवढंच कंपनीचं, पुढचं सगळं ज्याचं त्यानं. ते एक वेळ ठीक, ऑपरेशनचे पैसे तिच्या भावानं भरले. पण दुसरं कलम असं, का तुमी जितके महिने जखमी, तितके महिने करार पुढं सरकते. म्हणजे हिनं दीड वर्ष घरी बसायचं, कंपनी एक पैसा देणार नाही, दुसरी कंपनी बोलवून राहिली त तिकडं जाऊ देणार नाही, अन् हे दीड वर्ष करारात धरणारच नाही. ती म्हणे, आपलं वय वाढतं गं, कागदाचं वाढत न्हाय. अन् उद्याची तिची त्या करारातली शेवटची लढत होती. ती सुटून जाणार होती अन् मी अडकणार होती. इतकं बोलून ती मंग आपल्या भिंतीकडं गेली.

मी खाली आली अन् गुड्डूभाऊले सांगतलं. ते म्हणे, अवं लढतीआधी डोकं फिरवायचं तंत्र असते हे, तू ध्यान नको देऊ. मले भी वाटलं, असन तसं, कारण आमच्या खेळात असं भी करते लोक.

दुपारी हॉटेलच्या हॉलमंदी वजन. कॅमेरे, पत्रकार, माह्या क्लासमधल्या पोट्ट्या, मागच्या रांगेत बाबा, कपड्याले रंग लागलेलाच. मी इथली म्हणून मले आधी बोलावलं. वजन बरोबर भरलं. मी खाली उतरली, गुड्डूभाऊनं मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली हातात देल्ली, अन् म्या तोंडाले लावली. दोन दिवसानंतरचं ते पाणी कसं लागते ते मी तुमाले सांगूच शकत नाही, माणसाचे कान उघडल्यासारखे वाटते.

मंग सुवर्णाताईचं नाव घेतलं. ती आली, काट्याजवळ उभी राहिली अन् चढलीच नाही. तिथं कंपनीचे साहेब होते, त्याहिले म्हणे, ह्या पोरीचा कागद आणा. हिची दुखापत बरी होईस्तवर कंपनी बघंल, आन् ती घरी बसंल ते दिवस करारात धरायचे, ह्या दोन गोष्टी लिवा. मग मी वजन देते.

साहेब पहिले हसले, त्याहिले वाटलं मजाक हाय. मंग म्हणे, मॅडम, कागद तिचा हाय, तुमचा काय संबंध? तर ती बाई, ओठ फाटलेले, जीभ टाळूले चिकटून राहिलेली, शब्द नीट निघत नाही, पण बोलली.

उद्या हिला मोडणार कोण? मी. म्हणून इचारती.

मी आजपर्यंत लय मोठमोठे लोकं पाह्यले, टीव्हीवरचे भी पाह्यले, पण असं बोलणारं कोणी पाह्यलं नाही.

साहेब म्हणे, वजनाची वेळ दोन घंट्याची हाय, त्याच्यात चढल्या नाही त तुमची लढत गेली, तुमचे पैसे गेले. ती म्हणे, बरं. अन् तिथंच काट्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसली. तुमच्या ध्यानात येऊन राहिलं का जी? जोपर्यंत वजन देत नाही तोपर्यंत तिले घोटभर पाणी पिता येत नाही. जितका वेळ ती माह्यासाठी बसून राहीन तितका वेळ तिचं शरीर वाळून राहीन, अन् उद्या मलेच तिच्यासंग लढायचं हाय. तिचा कोच तिच्या कानात काही काही सांगून राहिला होता, ती नुसती मान हलवे. साहेब बाहेर जाये, फोन करे, अंदर येये. माह्या हातात बाटली तशीच. मले ते पाणी गिळलं जाईना. म्या बाटली खाली ठेवली त तिनं बरोबर पाह्यलं.

पी गं, ती म्हणे, तुझं वजन झालंय. तू तहानंली राहिलीस तर उद्या मला मारायला मजा न्हाय.

म्या प्यायली. रडत रडत प्यायली, खोटं कशाले सांगू.

एक घंटा झाला, वर अजून थोडा झाला. अन् मंग काय झालं माहीत हाय? आमचे गुड्डूभाऊ उठले. ज्याहिनं जिंदगीत कोणत्याच कागदाले नाही म्हटलं नाही ते साहेबाजवळ गेले, पेन खिशातून काढला, मले वाटलं आता हे सही करते का काय, अन् तो पेन साहेबापुढं धरून म्हणे, साहेब, ते दोन गोष्टी तुमी लिहा, नाही त आमची पोरगी भी लढत नाही. मागून बाबा उभे राहिले, मंग पोट्ट्या उभ्या राहिल्या. कोणी नारे-बिरे नाही देल्ले, नुसते उभे. उद्याची तिकिटं विकली होती, टीव्हीवाले येऊन बसले होते. साहेबानं ते दोन कलम खोडले, वर हातानं नवीन लिहिलं अन् सही केली. फक्त माह्या कागदावर. तिच्या कागदात काहीच बदललं नाही, अन् तिनं मागतलं भी नव्हतं.

मंग ती उठली, भिंतीले धरून उठली, अन् काट्यावर चढली. वजन ठरल्यापेक्षा कमीच भरलं. पाणी देल्लं त पहिला घोट पोटात राहिलाच नाही, उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी लढत. तुमी विचारान का मंग तू हात राखून मारलं का? नाही जी. राखून मारलं असतं त तिचा अपमान झाला असता. तिनं पहिल्याच फेरीत मले असं उचलून आपटलं का माह्या कानात घंटी वाजली. दुसऱ्या फेरीत माहा ठोसा तिच्या कपाळावर बसला अन् माह्याच हाताचं हाड मोडलं, मले आवाज आला. तिसरी फेरी मी एका हातानं लढली. पण ती दमली होती, पाय उचलून राहिले नव्हते तिचे, अन् पंचाईनं मले जिंकवलं. हॉल नुसता दणाणून राहिला होता. कपडे बदलायच्या खोलीत ती आली, एक डोळा सुजून बंद, माहा हात पाह्यला अन् हसली. म्हणे, मोडला न्हवं मी? म्या म्हटलं, तुमच्या कपाळानं मोडला ताई. दोघी इतक्या हसलो का तिच्या ओठातून रक्त यायले लागलं.

माह्या हातात प्लेट टाकली, धंतोलीच्या दवाखान्यात. ऑपरेशन, औषधं, मंग हाताची कसरत करून घेणारी डॉक्टर, सगळ्याचं बिल कंपनीनं भरलं, कुरकुरत भरलं, पण भरलं. मी घरी बसली ते महिने करारात धरले. बाबाले दोन भिंती भी जास्तीच्या रंगवा लागल्या नाही माह्यापायी. त्या वॉर्डात माह्या बाजूले यवतमाळकडचं एक पोट्टं होतं, कोणत्यातरी गावच्या कुस्तीच्या दंगलीत खांदा निखळलेला, त्याचा बाप रोज बिलाच्या खिडकीवर जाऊन परत येये, खाटेजवळ बसे. मी त्या बापाकडं पाहे अन् मले सुवर्णाताई फरशीवर बसलेली दिसे.

एकदा फोनवर म्या तिले विचारलं, ताई, तुमी वेळेवर पाणी प्यायलं असतं त जिंकल्या असत्या ना? ती बिगडलीच. म्हणे, हरले ती हरले, तू जिंकलीस त्याचं असं अर्धं-अर्धं करू नगंस, पुरतं घे. अन् फोन ठेवला. त्याच्यानंतर तिले कोणत्याच कंपनीनं बोलावलं नाही. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही, नुसता फोन येणं बंद झालं. आता ती आपल्या तिकडं शाळेच्या मैदानावर पोरीले कुस्ती शिकवते. कधी वाईट वाटते का विचारलं त म्हणते, गुडघा दुखतो तेवढंच. मी तिले देवबिव नाही मानत, आमच्या घरी ते नाही, पण बाबा वाकू नको म्हणे त्याचा अर्थ मले तिनं फरशीवर बसून दाखवला.

आता माही अवस्था बरी हाय. माह्या नावावर तिकिटं खपते. नवीन करार झाला, त्यात ते दोन्ही गोष्टी आधीच छापून आल्या, म्या मागायच्या आधी. मी खुश झाली, म्हटलं चला, सुधरले लोकं. पण तीन दिवसानं जी लढत हाय, त्यात समोर गोंदियाकडची एक पोरगी हाय, वीस-एकवीस वर्षाची, पहिलाच मोठा शो. गुड्डूभाऊ आता कागद वाचते बरं का, चष्मा लावून, डिक्शनरी घेऊन, एक पान वाचायले अर्धा दिवस घेते. त्याहिनं तिच्या कोचजवळून तिचा कागद पाह्यला. त्यात तेच जुनं. पुढचा इलाज ज्याचा त्यानं, अन् जखमी झाली का करार पुढं. जो बोलतो त्याचंच बदलते हे लोकं, बाकीच्याईचं तसंच ठेवते.

माय म्हणते, काहून वं दुसऱ्याच्या पोरीसाठी, तुहा हात आधीच प्लेटवर हाय, तुले बोलावणं बंद केलं मंग? बरोबर हाय तिचं. मले भी भीती वाटते. तिसाव्या वर्षी शरीर लवकर वाळते अन् हळू भरते. हे तुमी लिहून छापान तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असन. गुड्डूभाऊनं फक्त इतकंच करून ठेवलं हाय का परवा वजनाले त्या पोरीले काट्यावर आधी बोलावतीन.

चढू दे तिले आधी. वजन बरोबर भरो तिचं. अन् खाली उतरली का तिच्या हातात गार पाण्याची बाटली असो, अन् पोटभर पिऊन घेवो ती, एक थेंब न सांडता. माही काही घाई नाही, मी फरशीवर बसते.