कडी आतून पाहिजे

माझं नाव कमल. माहेर माझं केनवडकडचं, बाप वांगे-टमाटे लावे आन बाजारात नेऊन इके, आन दिलं मले मेडशीच्या पुढच्या एका वस्तीत, जठी एसटी फाट्यावर सोडते आन पुढं पाय आपले. माणसाचं नाव मी घेत नाही, आमच्यात बाया घेत नाहीत, रोशनीचे बाबा म्हणतो मी त्याईले. रोशनी आमची पोरगी, एकच. सोयाबीन निघालं, तूर निघाली की वावर मोकळं आन आमीबी मोकळे, मग आमी हळद शिजवाले निघतो. कुकर हाये आमचा. तुमच्या सैपाकघरातला नाही बाप्पा, लोखंडाच्या टाक्या, खाली भट्टी, सारं चाकावर, ट्रॅक्टरच्या मागं जोडून या मळ्यातून त्या मळ्यात न्यायचा. पार उन्हाळा तापेपर्यंत आमी घरचे नसतो. हे हात पाहा, किती घासले तरी पिवळेच, रोशनी मले म्हणते, आई, तू जलमाची नवरी हायेस.

तं राहाचं कुठं? मळ्यातच. ताडपत्री बांधाची, खाली पोते टाकाचे. आंघोळीले कुकर आन ट्रॅक्टरच्या मधात लुगडं आडवं बांधाचं. इतके सालं तसंच केलं, काही वाटलं नाही, म्हणजे वाटलं तरी कोनाले सांगाचं? पण मागच्या साली रोशनी न्हाऊन राह्यली होती, वाऱ्यानं लुगडं उडालं, आन मी पाह्यलं तं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक माणूस उभा, हातात मोबाईल वर धरलेला. मी दगड घेऊन धावली, तो पळाला. फोटो काढला का नाही काढला, काय सांगू तुमाले, आजपावतर मले मालूम नाही. मळ्याचा मालक म्हणे, बाई, तुमी उद्या दुसऱ्या मळ्यात जाऊन राह्यल्या, बोंबलू नोका. तवापासून कोनाचाबी मोबाईल वर झाला की मी पोरीच्या आडवी उभी राहतो.

सासूनं तं घरी येताच सुरू केलं. उजवून टाका पोरीले. मी म्हणलं, अकरावीत हाये ते, कायद्यानं लग्नाचं वय नाही तिचं. सासू म्हणे, कायदा काय मळ्यात राखणीले येते का? आन घरी माझ्याजवळ ठेवतो म्हणान तं मले दिसत नाही धड, मी कायले जवान पोरीची जोखीम घेऊ? रोशनीचे बाबा माणूस वाईट नाही, पण भेलेला माणूस. ते म्हणे, अशी एखादी जुनी गाडी भेटली, जिच्यात तुमी दोघी झोपू शकान, न्हाऊ शकान, तं पोरगी येईन आपल्यासंग, पुस्तकं घेऊन येईन. आन हंगामाच्या आत नाही भेटली तं मी शिरपूरवाल्यांना पाहाले बोलावतो. शिरपूरकडचं एक स्थळ सासूनं लावून ठेवलं होतं. म्हणजे तुमी समजा, लोकं गाडी घेतात कमाईसाठी, मले गाडी पाहिजे होती पोरीचं लग्न टाळाले.

मग वाशीमले जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो, आमी तिघं. तठी बाया येतच नाहीत. माणसं टायरले लाथ मारतात, बोनेट उचलतात, कान लावून इंजिन आयकतात. दलाल मले म्हणे, वहिनी, तुमी सावलीत बसा, चहा सांगतो. मी म्हणलं, बसाले नाही आली, राहाचं हाये मले त्याच्यात. मी पिशवीत एक लुगडं नेलं होतं. मले इंजिनातलं काही समजत नाही, पण बाईले लुगडं नेसाले किती जागा लागते हे मले समजते. जिच्यात मी उभी राहून नेसू शकीन, हात वर करून पोलकं घालू शकीन, ते गाडी आपली. आन वरून हातभर जागा सोडाची, कारन खाली फळी ठोकली आन वर उन्हासाठी थर्माकोल लावला की उंची खाली येते, हे रोशनीनं मोबाईलवर पाह्यलं होतं. दलाल हासला, म्हणे, पयल्यांदा पाह्यलं बाप्पा, लुगड्यानं गाडी मोजून राह्यले.

पयली पाह्यली शाळेची पिवळी व्हॅन. छत ठेंगणं, मी कमरेत वाकली. चहूकडं काचा. रोशनी म्हणे, आई, ह्याच्यात न्हायलं तं तिकीट लावा लागन. हासू आलं मले. सोडली.

मग डब्ब्याची गाडी. बंद बॉडी, मालाची, लांब, उंच. रोशनीच्या बाबांचा जीव बसला तिच्यावर. म्हणे, सुटे भाग गावोगावी भेटतात, आन हंगाम सरला की हळदीचे पोतेबी वाहता येतीन. रोशनीले घेऊन आत गेली, उभी राह्यली, डोक्यावर हातभर जागा. मीबी मनात म्हणलं, झालं, हेच. त्याईनं तठीच दलालाच्या हातात इसार ठेवला. मी म्हणलं, थांबा, लुगडं नेसून पाहू द्या. ते म्हणे, आवारात सारे माणसं हायेत, मी दार लावतो, आन दार लावलं.

दार लावलं आन सवयीनं कडीबी लावली. बाहेरून. मालाच्या गाडीले आतून कडी नसतेच ना, मालाले कायले पाहिजे कडी? आन आमच्याकडं तशीबी रीतच हाये, बाया आत असल्या की माणूस बाहेरून कडी लावून जाते, राखण म्हणून. तेवढ्यात दलालानं त्याईले आवाज देला, या भाऊ, इंजिन आयका. इंजिन चालू झालं. आत काळोख, खिडकी नाही, पत्रा तापलेला. लुगडं अर्धं नेसलेलं माझं. मी थापा मारून राह्यली, रोशनी ओरडून राह्यली, इंजिनापुढं कोनाले आयकू येते? रोशनीनं माझा हात धरला, तिचा हात गार पडला होता त्या तापलेल्या डब्ब्यात. म्हणे, आई, आत चूल पेटवली आन बाबा दूर असले तं? मले डोयापुढं दिसूनच राह्यलं होतं. आन धुऱ्यावरचा तो माणूसबी दिसला मले, या बारीनं त्याच्या हातात कडी होती.

दार उघडलं तं रोशनीचे बाबा हासून राह्यले, का वं, झालं का नेसून? माझं तोंड पाह्यलं आन हासू गेलं. मी म्हणलं, हे गाडी नोको. ते म्हणे, आतून बसवून घेऊ ना कडी, खिडकीबी कापून घेऊ. दलाल म्हणे, बॉडी कापली तं आरटीओची परवानगी लागन, हंगाम निघून जाईन तुमचा. मी म्हणलं, आन बाहेरची कडी? रोशनीचे बाबा म्हणे, ते तं राहीनच, पोते भरल्यावर कुलूप कुठं लावाचं? मी म्हणलं, तुमी आधी ठरवा, आत माल हाये का माणूस. ते चिडले. म्हणे, इसार देल्ला मी, हंगाम तोंडावर आला, हे नाही तं कोनतीच नाही, मग शिरपूरवाल्यांना फोन करतो. आन खिशातून मोबाईल काढला बी. मी म्हणलं, करा फोन. पण बाहेरून कडी लावलेल्या घरात पोरगी द्याची हाये तं मग ते शिरपूरचं काय आन हे गाडी काय, एकच झालं. मोबाईल हातातच राह्यला त्याईच्या.

आवाराच्या कोपऱ्यात एक पांढरी गाडी उभी होती, धूळ बसलेली. जुनी अँब्युलन्स. रोशनीच गेली पाहाले. छत उंच, काचा दुधाळ, उजेड येते पण बाहेरच्याले काही दिसत नाही, आन मागच्या दाराले खटका आतूनबी. मी आत गेली, खटका लावला, लुगडं पुरं नेसली, पदर घेतला, आन मीच दार उघडलं.

रोशनीचे बाबा म्हणे, ह्याच्यात लोकं मेले असतीन. मी म्हणलं, मामंजी आपल्या ओसरीत गेले, सोडली का ओसरी? त्याईनं दलालाले हाक मारली. दलालानं इसार तिकडचा इकडं वळवला. सासूनं मात्र गाडीवरून नारळ ओवाळला, लिंबू बांधला, आन तरी तीन दिवस गाडीकडं पाठ करून बसली.

आता उभी हाये अंगणात. पेशंटच्या फळीवर रोशनीचं अंथरूण, सलाईनच्या आकड्याले बल्ब, त्याच्याखाली पुस्तकं. आरटीओनं आडवू नये म्हणून सारं उचलून काढता येईन असंच ठेवलं, ठोकलं काही नाही. पण भेव हायेच, खोटं कायले बोलू? क्लच जळाल्यासारखा वास मारते. कागदावर अजून अँब्युलन्सच हाये, घरापर्यंत नेली तेवढी पुरे, ते बदलून हाती आल्याशिवाय पुन्हा रस्त्यावर काढू नोका म्हणे दलाल, आन तिकडं हळद काढाले सुरुवात झाली. फाट्यापासून आणली तवा आर्धी वस्ती धावत आली, कोन बिमार हाये वं? आन तो फोटो, तो कुठं असन, कोनाच्या मोबाईलात असन? गाडीनं ते काही मिटत नाही.

परवा दिवसाढवळ्याची गोष्ट. मी आत लुगडं बदलून राह्यली होती, बाहेरून दार वाजलं. मी म्हणलं, कोन? म्हणे, मी. मी म्हणलं, मी कोन? मी तं कोनीबी म्हणते. रोशनी तोंडाले ओढणी लावून हासून राह्यली. बाहेर सासू होती, शेजारपाजारचे होते. रोशनीचे बाबा म्हणे, अवं, टावेल दे माझा, आवाज ओळखत नाहीस का? मी म्हणलं, नाव सांगा. बाहेर चपला वाजल्या. मले वाटलं, गेले रागानं, आता शिरपूरचं पुन्हा निघते. मग हळूच म्हणे, गजानन. मी खटका काढला.

पोरगी बारावी पास होवो, एवढंच मागतो मी आता. आन तुमी कदी हंगामात इकडं आले, मळ्यात पांढरी गाडी दिसली, तं या, चहा पाजतो. पण दार वाजवा, आन नाव सांगा.