दर्याला पानी आदी येतं

ये बाय, अशी जवळ बस, उंबऱ्यात काय बसतेस पावनीसारकी. मुंबईला ऱ्हायला गेलात ते गेलातच, आन आज आठवन झाली तुला भागाबायची? वही काढलीस, बरं केलंस, लिव. मलाबी येतं हां लिवायला, पोरांच्या पाट्या बघून बघून शिकली.

मी मिठागरावरची पोर. पनवेलच्या खाडीकाठी जल्मली. खाडीचं पानी मिठागरात घेयाचं दार असतं, उघाडी बोलतात तिला, बापूस तिच्यावर कामाला. आज तीथ कंची, पानी किती वाजता चढंल, धा वरसाची असताना तोंडपाठ सांगायची मी. लगीन झालं तरी मिठागरच, आन पावसात मिठागर बंद, म्हनून तुज्या आजीकडं धुनीभांडी धरली.

तुजी आई तवा नवी सून, मुंबईची. काय सांगू तुला, दीड वरसात देवळाच्या पलीकडं गेली नव्हती ती. माडीच्या खिडकीत उभी ऱ्हायली तरी आजी खालनं विचारायची, कोण आहे गं रस्त्यात? भांडी घासताना माज्याजवळ बसून रडायची, माहेरासाठी.

मंग एका पौषात तुजा मामा मोटार घेऊन आला. लढाईचे दिवस, पेट्रोल कुठनं मिळवलं त्याचं त्याला ठावं. बोलला, ताईला उरणच्या बाजूचा हत्तीचा खडक दाखवतो, दिवसात परत. हत्ती म्हंजे काळा कातळ, दर्यात सोंड सोडून बसल्यासारका, ओहोटीला चालत जायाचं. आजी बोलली, जा, पण भागा बरोबर जाईल, आणि दिवेलागणीच्या आत दारात. आलात तर उन्हाळ्यात महिनाभर माहेरी धाडते. तुजी आई पायाच पडली तिच्या.

मामा बूट भिजतील म्हनून मोटारीजवळ ऱ्हायला, आमी दोघी कातळावर गेलो. दशम्या खाल्ल्या. तुजी आई बोलली, भागाबाय, निघूया का? मी बोलली, बसा ओ, पंचमी हाय, अजून तासभर पानी नाय येत, ह्यात मला कोन शिकवनार? आन मागं बघते तर वाट गेलेली.

अगं, मी खाडीचं पानी धरून बसलेली! दर्या आदी भरतो, मंग ते पानी खाडीतनं वर पनवेलला येतं. येवढं साधं, पन मी खाडीच बघितलेली, दर्याची भरती कंदी बघितलीच नव्हती.

मामा काठावरनं वरडतोय. होडी बघायला गावात गेला, तर होड्या सगळ्या मासेमारीला. मला पोहता येतं, पन हिला टाकून कशी जाऊ? चारी अंगानी पानी, आन मधी दोन खाटा मावतील येवढा कातळ. तुजी आई रडली, गेलं माझं माहेर, भागाबाय. मंग डोळं पुसलं. आन एकदम डोईवरचा पदर सोडला, केस मोकळे केले, हसायलाच लागली. बोलली, इथं मला कोण विचारणार, कोण आहे गं रस्त्यात? मीबी हसली, काय करनार. उन्हं उतरली तसा पदर परत डोईवर घेतला तिनं.

दिवस बुडाल्यावर वाट उघडली. घरी पोचलो तर जेवनं झालेली, आजी दारात. कोणाच्या अकलेनं बसलात तिथं? मी तोंड उघडलं, आन तुजी आई पुढं झाली. बोलली, माझ्या. भागाबाय चला चला करत होती, मीच ऐकलं नाही.

मी गप. काम सुटलं तर पावसात चार पोरांना काय घालू, येवढंच डोक्यात. गप ऱ्हायली बाय मी.

तीन वरसं माहेर बंद झालं तिचं. तू पोटात आलीस तवा बाळंतपनाला धाडली. आन मी रोज तिच्या शेजारी बसून भांडी घासली, एकदाबी बोलली नाय, का सूनबाई, चूक माजी होती. तीबी कंदी बोलली नाय. सुखी ऱ्हावो माजी बाय.

आता आजी नाय, कामबी सुटलं, गुडगं मला मुंबईला नेत नाय. हे तिला वाचून नको दाखवू. मला माज्या तोंडानं सांगायचं हाय. तिला घेऊन ये. पुढल्या रविवारीच ये, मी भाकऱ्या टाकून ठेवते.