ढिल्या नटावरची पिवळी रेघ

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, खुर्च्या रिकाम्या आहेत.

आपण सगळे अविनाशसाठी आलात. वाघोलीच्या कॉलेजात तो शिकवायचा, तिथले विद्यार्थी आलेत, बिबवेवाडीतले आमचे शेजारी आलेत. मी त्याची बायको. त्याच्याच ऑफिसात इमारतींचं डिझाइन करते. बोलताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाहीये. राग येतोय. तेव्हा रागानंच बोलते, सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी चालेल.

हडपसरच्या त्या उंच इमारतीचा सांगाडा स्टीलचा आहे. डिझाइन माझं, साइटवरची तपासणी अविनाशची. त्याला तिचं कोण कौतुक! म्हणायचा, "अगं, उद्या ही नको झाली तर नट उघडायचे आणि स्टील दुसरीकडे वापरायचं. राडारोडा नाही, धूळ नाही. पर्यावरण म्हणतात ते हे. गच्चीत चार कुंड्या ठेवल्या म्हणजे नव्हे."

त्याचा एक नियम होता. बीम चढवला की नट आधी नुसते लावायचे. सांगाडा सरळ उभा आहे का ते पाहायचं. मग नट पूर्ण आवळायचे, आणि आवळल्यावरच नटापासून प्लेटपर्यंत एक पिवळी रेघ ओढायची. नट नंतर जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. सगळ्या रेघा झाल्याशिवाय आधाराचे तिरके टेकू काढायचे नाहीत. एवढंच. एवढंच होतं हो.

पण सांगाडा पुरा झाला म्हणून वरच्या मजल्यावर पूजा होती. पाहुणे येणार, फोटो निघणार. टेकू फोटोत आडवे येत होते. ते काढायचे तर रेघा हव्यात. मग बिल्डरच्या माणसांनी काय केलं? नट न आवळताच रेघा ओढल्या. टेकू काढले. आवळायला वेळ लागतो, रंग लावायला काय लागतं?

पूजेच्या सकाळी अविनाश वर गेला. रेघा पाहिल्या. स्वतःच्या खुणेवर विश्वास ठेवला आणि बीमवर पाऊल टाकलं. त्यानं सेफ्टी बेल्ट लावला होता. ऐका, पुन्हा सांगते. बेल्ट लावला होता. ज्या बीमला अडकवला होता, तोच निसटला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांबरोबर मी वर गेले. शेजारच्या बीमचा एक नट, त्यावर छान पिवळी रेघ, दोन बोटांत धरला. फिरला. बाटलीचं झाकण फिरतं तसा फिरला. त्या क्षणापासून मला झोप नाही आणि मला ती नकोही आहे.

मग हे बिल्डर शेठ घरी आले. हे बघा, पहिल्या रांगेत बसलेत, सगळ्यांत मोठा हार यांचाच. म्हणाले, "वैनी, झालं ते लई वाईट झालं. पण काम थांबून कसं चालंल? अविनाशरावांनी बेल्ट लावला नव्हता, असं म्हनू. तशा कागदावर तुमची सही झाली की पुढचं बगू." मी त्यांना चहा विचारला नाही. आपल्याकडे निदान विचारायची तरी पद्धत आहे. मी विचारलाही नाही.

शेठ, उत्तर तेव्हा दिलं नव्हतं. आज चारचौघांत देते. सही मिळणार नाही. माझ्या बोटांना जे कळलं ते पोलिसांना सांगितलंय, महापालिकेला सांगितलंय, आणि तुमच्याकडे फ्लॅट घेतलेले जे इथे बसलेत, त्यांना आत्ता सांगतेय. प्रत्येक नट उघडायला लावीन. अख्खा सांगाडा खाली उतरवायला लावीन. स्टील आहे, उतरतं. तुम्ही वकील बदला, तारखा मागा. मी प्रत्येक तारखेला समोर बसलेली असेन. मला आता दुसरं काम उरलेलं नाही.

कुणाला वाटेल, शोकसभेत असं बोलू नये, माफ करावं. का करावं? अविनाशनं केलं असतं. तो भला माणूस होता. मी तेवढी भली नाही. मला सूड हवाय, आणि तो मी कायद्यानं, सावकाश, पुरेपूर घेणार आहे.

आता आपण सगळे उठू या. त्याच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू.

शेठ, तुम्ही नाही. तुम्ही बसून राहा. सगळ्यांना दिसू दे.