कुरकुर आणि घरघर

"काका, अणुभट्टीचा पासवर्ड कुणी विसरलं तर काय होतं हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाळेच्या सहलीला आलेल्या मुलीने अणुवीज केंद्राच्या कॅन्टीनच्या रांगेत पुढच्या म्हाताऱ्या पंपमिस्त्रीला हे विचारून टाकलं. तो मात्र त्याच्या पुढच्या इंजिनिअरबाईंकडे वळला.

"ऐका. तुमच्या संगणकाची खोट पोरीलाही कळते."

"विषय बदलू नका, काका. महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त होणार. तुम्ही गेलात की पंप ऐकणारा कान गेला, त्याआधी तो संगणकात उतरवायचाय. पंपाच्या नोंदवहीत तुम्ही लिहिलंय, 'पंप कुरकुरतोय.' मी संगणकाला काय सांगू?"

"कुरकुरतोय म्हणून सांगा."

"त्याला आकडा लागतो. शेजारच्या केंद्राचा संगणक बिघाड आठवडाभर आधी सांगतो. विजेची कंत्राटं सगळी तिकडे चाललीत."

"मग घ्या आकडा. कुरकुर म्हणजे आठ दिवस हातात आहेत. घरघर म्हणजे आजच उघडा."

"पण दोन्हींत फरक काय?"

मिस्त्रीने ट्रे काखेत धरला आणि घशातून दोन आवाज काढले. अख्खी रांग वळून बघू लागली.

"मला दोन्ही सारखेच वाटले," इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"आधी घरघर होती, मग कुरकुर," मुलगी म्हणाली.

"बाई, संगणक राहू द्या, हिलाच ठेवून घ्या."

"आधी शिकू तर द्या तिला. आणि काका, पुन्हा काढा ते आवाज. रेकॉर्ड करते."

संध्याकाळी घरी मुलीचे आई-बाबा तिच्या मेडिकलच्या क्लासचा फॉर्म भरत बसले होते.

"पेन खाली ठेवा," ती म्हणाली. "पेशंट मी तपासणारच आहे, पण ते पंप असतील. मी इंजिनिअर होणार."