शतावरीची तपासणी

जयभीम, जयभीम... आन् हासू नका! दारात पाय नाई ठेवला आन् हासून राह्यले सारे! अहो, नातीले पाहाले आले ना, तं नातीकडं पाहा नं, माह्या कानाकडं काय पाहून राह्यले? हो, फडकं बांधलं हाय. हो, भर उन्हाळ्यात. हो, पंखाबी बंद हाय. सांगतो ना, बसा पहिले!

तुमाले तं माहीत हाय, या सोमाजीची सारी जिंदगी फॅक्टरीत तपासणीवर गेली. पास-नापास केल्याबिगर हातातून काही सोडलं नाई. रिटायर झालो तरी घरात आलेली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडीबी उलटीपालटी करून पाह्यतो. आमची घरवाली रुखमा म्हणते, 'मले पाहाले आलते, तवाबी असेच पाह्यत होते!'

तं आमची संघप्रिया बाळंतपणाले माहेरी आली. पोट्टी झाली, गोड पोट्टी, पण दूध पुरेना. दिवसभर रडे. वजन उतरलं. नर्सबाई म्हणे, 'घडीघडी छातीशी लावा, बुधवारी पुन्हा काट्यावर ठेवू, नाई वाढलं तं चंद्रपूरले न्या लागन.' अहो, एवढीशी पोट्टी!

तं रुखमानं काय करावं? बाजारातून बायनाबाईले घेऊन आली. बायनाबाई म्हणजे जंगलाकडची, बाजारात जडीबुटी घेऊन बसते ती. तिनं गाठोड्यातून वाळल्या पांढऱ्या मुळ्या काढल्या. 'शतावरी होय बाई. आमच्याकडं बाळंतिणीले हेच देतेत. कुटा, दुधात उकळा, खडीसाखर टाका, दूध उतरते.' झालं! ना शिक्का, ना तारीख, ना कंपनीचं नाव! मी म्हटलं, 'कशावरून शतावरी?' तं म्हणे, 'मीच तं खणली!' आता मले सांगा, शक येईन का नाई?

नर्सबाईले दाखवली. तिनं मुळी हुंगली, म्हणे, 'शतावरीच होय काका. माह्या सासूनंबी दिलती मले. डॉक्टरले विचारून द्या, पण पाजणं सोडू नका.' डॉक्टर म्हणे, चालते. चालते म्हणजे? सरकारी नर्सबाई सासूची गोष्ट सांगते, डॉक्टर वर न पाह्यता चालते म्हणते... शक येईन का नाई?

मग मी ठरवलं, तपासणी आपणच करू. लेक आपली, नात आपली, काही उलटंसुलटं असलं तं पहिले आपल्याले होऊ दे! काय चुकलं माहं? रुखमानं गिलास भरला, पाठ फिरवली, का मी एक घोट मारला. थांबलो. काई झालं नाई. पण तुमाले सांगतो... काय चव! दाट दूध, खडीसाखर, वरून विलायची... अन् मले या घरात शुगरच्या नावानं फिक्का चहा भेटते! आता नमुना एकडाव घेऊन भागते का? सकाळचा अलग, संध्याकाळचा अलग. तिकडं संघप्रिया म्हणे, 'आई, गिलास अर्धाच काऊन राह्यते वं?' आन् एक दिवस रुखमानं वळून पाह्यलं तं माह्या मिशीले साय!

अशी बोलली, अशी बोलली... 'नातीच्या तोंडचं पेऊन राह्यले, लाज नाई वाटत?' खरं सांगतो, मनाले लागलं. तेवढ्यात दारात बायनाबाई. रुखमानं तिले सारं सांगितलं. बायनाबाई हासली नाई पाहा. हासली असती तं बरं होतं! खाली बसली, जमिनीकडं पाह्यत म्हणे, 'भाऊ, बाळंतिणीचं औषध जो पेते, त्यानं बाळंतिणीचं पथ्य पाळा लागते. नाई तं तिचं दूध आटते.' कान बांधा, पंखा बंद, दही नाई, मिरची नाई, उंबऱ्याच्या बाहेर पाय नाई!

मी म्हटलं, 'हा कायदा कोणाचा?'

'जुन्या बायांचा.'

'आजच केला का?'

'नोका पाळू भाऊ, माहं काय जाते? दूध तुमच्या लेकीचं आटन.'

आन् तवा मी या डोळ्यानं पाह्यलं, रुखमानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता! शक येईन का नाई?

पण खोटं हाय म्हणून सोडून द्यावं, आन् पोट्टी उपाशी राह्यली तं? बांधलं फडकं. काय करता!

बुधवारी नर्सबाईनं घरीच काटा आणून पोट्टीले त्यावर ठेवलं. काटा मी आधी तपासला, ते सोडा... वजन वाढलं, हो! डोळ्यात पाणी आलं माह्या, खोटं कायले बोलू? पण वाढलं कशानं? शतावरीनं? घडीघडी पाजल्यानं? का माह्या फडक्यानं? समजाचा एकच रस्ता, फडकं सोडून पाहावं. परवा हिंमत केली, गाठ सोडली... आन् तिकडं पोट्टी किंचाळली! रुखमा म्हणे, मुंगी चावली. मुंगीच कशावरून? मी दोन गाठी मारल्या!

बायनाबाईले विचारलं, कवापर्यंत हे? म्हणे, 'नात दूध पेते तवर, भाऊ.' आन् नर्सबाई सांगून गेली, पोट्टीले दोन वर्सं पाजा. दोन वर्सं! या भद्रावतीच्या तापात!

निघाले का? बरं, जाताजाता दार लोटून घ्या... हवा लागते ना आमा बाळंतिणींले.