फ्रान्सचा निकाल आनि नाथाजीची गालगुंडं

…न्हाई, तसं न्हवं वो, तुमी आदी ऐका तरी! फ्रान्सात कोन निवडून यावं, कोन पडावं, त्ये तिकडची मानसं ठरवत्यात. मतं त्येंची, पेट्या त्येंच्या, अध्यक्ष त्येंचा… आनि गुलाल आमच्या नाथाजीच्या कानात! आठ दिस निघत हुता वो कानातनं, रोज अंघुळीला बसला की गुलाबी पानी! आता तुमीच सांगा, नाथाजीचं काय चुकलं?

नाथाजी म्हंजी सुभेदार नाथाजी, आमचा शेजारी, फौजेतनं रिटायर झालेला, सरळ मानूस. इतका सरळ की उसाची सरीबी दोरी लावून धरतो. कऱ्हाडजवळचं मलकापूर सोडून म्होरं आलं की आमचं गाव. घरटी एक फौजी, त्येचं कुनाला कवतिक न्हाई. पन फ्रान्सला गेलेला ह्यो एकटाच. म्हंजी… गेलेला… थांबा, हितंच तर सगळी गोम हाय!

तुमास्नी सांगतो, पंधरा-सोळा वर्सं झाली आसतील. फौजेची एक तुकडी पॅरिसला संचलनाला जायची हुती. शंभर-दीडशे जवान निवडलं, त्यात ह्येचं नाव. दिल्लीत म्हैनाभर लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. ह्येनं गावात फोन क्येला, "म्या फ्रान्सला चाललो." गावानं मारुतीला नारळ फोडला. आनि इमानाला दोन दिस राह्यलं आसताना ह्येच्या दोन्ही कानांखाली आली गालगुंडं! त्वांड असं फुगलं, असं फुगलं, की टोपी बसंना. डाक्टर म्हनला, "सुभेदारसाब, आप रुकेंगे." झालं! तुकडी ग्येली, आनि ह्यो दिल्लीच्या दवाखान्यात, गालाला पट्टी बांधून, टीव्हीत आपल्याच पोरांची पावलं मोजत बसला.

मागनं रजा टाकून आला, तर कऱ्हाडच्या ष्टँडवर अख्खं गाव! ट्रॅक्टर, हलगी, हार. ह्यो ट्रॉलीवर चढला, हात जोडलं, म्हनला, "मंडळी, खरं सांगायचं म्हंजी…" म्होरलं हलगीनं गिळलं. परत म्हनला, "मंडळी, खरं सांगायचं…" तर कुनीतरी तोंडात पेढा कोंबला. दुसऱ्या दिशी साळंत सत्कार. हेडमास्तर इचारत्यात, "सुभेदार, तो मनोरा कसा आहे हो?" नाथाजी म्हनला, "उंच हाय." आता हाय का न्हाई उंच? "आणि तिथली माणसं?" "गोरी हायती." "थंडी?" "आसती की." त्यो एक शब्द खोटा बोलला न्हाई! सांगा, नाथाजीचं काय चुकलं?

पन गावाचं कसं आसतं… त्या दिसापासनं ह्येचं नावच 'फ्रान्स' पडलं. राहीबाई, म्हंजी ह्येची मालकीन, ती फ्रान्सवैनी. ह्येची म्हस फ्रान्सची म्हस. म्हस आटली तर लोकं म्हनायची, "फ्रान्सनं दूध बंद क्येलं." राहीबाईला त्येनं दिल्लीच्या बाजारातनं एक सेंटाची बाटली आनली हुती, ती तिनं फ्रान्सची म्हनून देव्हाऱ्यात ठिवली. गडी रोज सकाळी देवाला हात जोडायचा आनि बाटलीकडं बघायचा न्हाई. आतल्या आत लय कुढायचा. बायकूपाशी धा येळा त्वांड उघडलं, धा येळा मिटलं.

बरं, हे चाललं आसतं असंच… पन ऐन आमच्या सोसायटीच्या इलेक्शनात फ्रान्सचं इलेक्शन आलं!

पीककर्जाची सोसायटी ती, तिच्यात पॅनेलं दोन. जुनं पॅनेल तानाजीरावांचं, वीस वर्सं चेरमन, बोलायला लागलं की चाचं कप वाजत्यात. आनि नवं पॅनेल जयराजचं, पुन्यातनं शिकून आलेला, कॉलर ताठ, दर दोन वाक्यांनी "ॲक्च्युअली." तर सकाळी चाच्या टपरीवर तानाजीराव पेपर वाचत बसलेलं. आत कोपऱ्यात बातमी, 'फ्रान्समध्ये पुराणमतवाद्यांचा विजय.' तानाजीरावांनी नाथाजीला हाळी मारली, "ए फ्रान्स! पुराणमतवादी म्हंजी रं काय?"

नाथाजी दुधाची किटली घिऊन चाललावता. म्हनला, "म्हंजी… जुन्या वळनाची मानसं."

"म्हंजी जुनं पॅनेल?"

"आता… तसंच काय तरी."

आयला, हितं घात झाला! तानाजीराव बाकड्यावर उबं राह्यलं, "गड्याहो! फ्रान्सात आपलं पॅनेल आलं!" धा मिन्टात फटाकड्याची माळ! पंदरा मिन्टात गुलाल! नाथाजीला खांद्यावर घेतला, किटली कलंडली, दूध तानाजीरावांच्या टकलावर, आनि तानाजीराव म्हनत्यात, "अभिषेक झाला, अभिषेक!" अवो, तिकडं निवडून आलेल्या गड्याला तरी गावानं येवडा उचलला आसंल का?

दुपारपतुर चौकात फ्लेक्स! 'फ्रान्सच्या नूतन अध्यक्षांचे हार्दिक अभिनंदन! जुनं तेच सोनं पॅनेल.' फोटू कुनाचा लावायचा कुनाला ठावं? फ्लेक्सवाल्यानं सुटाच्या कापडाच्या जाहिरातीतला एक गोरा उचलला आनि दिला चिकटवून. एक हात खिशात, एक पाय खुर्चीवर. आनि खाली गोलात नाथाजी, वर्दीतला. 'मार्गदर्शक : फ्रान्स रिटर्न सुभेदार नाथाजी.'

मंग जयराज गप बसतोय व्हय? त्येनं काळ्या फिती वाटल्या. मारुतीच्या पारावर माईक लावला, "ॲक्च्युअली, फ्रान्सच्या निकालाचा हा गाव जाहीर निषेध करत आहे! तिथल्या तरुणांनो, घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!" तिथल्या तरुणांना काय धीर आला आसंल बघा! अर्धा दिस गाव बंद. पिठाची चक्की बंद. बिराप्पा धनगर मेंढरं घिऊन आला, तर त्येला आडीवला, "तू कुठल्या बाजूचा?" त्यो म्हनला, "म्या वढ्याच्या बाजूचा."

आनि ह्या दोघांच्या मदी नाथाजी. सकाळी तानाजीराव दारात, "सुभेदार, सभंत सांगायचं, फ्रान्सात जुन्याला किती मान हाय." सांजच्याला जयराज दारात, "काका, तुम्ही तिथं राहून आलात, ॲक्च्युअली तुम्हीच सांगा, जुन्यांनी तिथलं वाटोळं कसं केलं." ह्यो म्हनतोय, "आरं, मला त्यातलं काय ठावं न्हाई!" तर दोघंबी हसत्यात. "फौजी मानूस. लय खोल." सांगा ना, नाथाजीचं काय चुकलं?

आता म्होरं बघा. त्यो फ्लेक्सचा फोटू मोबायलातनं फिरत फिरत कुठं जावा? पॅरिसला! सांगलीचं मदनशेट, हळदीचं व्यापारी, त्येंची लेक स्वप्नाली तिकडं दुभाषाचं काम करती. तिथल्या एका रेडिओवाल्या बाईला 'आमच्या निकालावर परदेशात काय म्हनत्यात' असा कार्यक्रम करायचावता. आता जगात कुठं काय, कुठं काय. कुठं शेअर पडलं, कुठं मंत्र्यांनी तार धाडली. पन गुलाल? गुलाल फकस्त आमच्या गावात! स्वप्नालीनं फोटू दावला, बाई खुर्चीतनं उठली. म्हनली, ह्यो सुभेदार मला पायजे!

झालं. दुपारी एकला व्हिडिओवर बोलायचं ठरलं. तानाजीराव म्हनलं चौकात बोलायचं, जयराज म्हनला चौकातच, पन माईक आमचा. मोबायल मारुतीच्या पायरीवर, त्येच्याम्होरं माईक, वर पिंपळाला दोन कर्नं. एका बाजूला गुलाल, एका बाजूला काळ्या फिती, बायका पारावर, राहीबाई सगळ्यांच्या म्होरं, नव्या लुगड्यात. आनि मदी खुर्चीवर नाथाजी, वर्दीचा कोट घालून. पोटावर बटन लागंना, तर श्वास वढून बसलेला.

ती बाई बोलायला लागली… नाकातनं, गोड, काय कळंना पन ऐकावंसं वाटतंय. मंग स्वप्नालीचा आवाज, आपला सांगलीचा, "नमस्कार काका. या बाई म्हणत्यात, तुम्ही आमच्या त्या मोठ्या रस्त्यावरनं चालला, दोन्ही बाजूंनी आमची माणसं टाळ्या वाजवत होती. आज आमच्या देशात एवढा बदल झालाय. तर तो रस्ता आठवला की तुम्हाला काय वाटतं?"

आता नाथाजीला सवय हुती की वो! 'रस्ता रुंद हाय' म्हनून मोकळा झाला आसता! पन काय झालं देव जाने. त्यो रस्ता म्हनल्याबरुबर त्येला दवाखान्यातली खाट दिसली, कोपऱ्यातला टीव्ही दिसला. आपली पोरं एका रांगंत चाललीती, आनि तिसऱ्या वळीत, डाव्या कडंला, त्येच्या जागंवर, दुसराच कोनतरी. वढून धरलेला श्वास सुटला. कोटाचं बटन तटकन उडालं.

"बाई," त्यो म्हनला, "म्या फ्रान्सला ग्येलोच न्हाई."

कर्न्यातनं त्ये असं घुमलं… ग्येलोच न्हाई… न्हाई… न्हाई…

"मला गालगुंडं झालीती. म्या दिल्लीत पडून हुतो. हितं आलो तर तुमी हलगी लावली. सांगायचं राहूनच ग्येलं. पंदरा-सोळा वर्सं राहून ग्येलं. मला माफ करा."

नाथाजी डोळं मिटून बसलेला, आता शिव्या येतील, न्हाईतर चप्पल यील. आनि राहीबाईकडं तर बघायची छातीच हुईना.

आनि तानाजीराव टाळ्या वाजवायला लागलं!

"वा रं पठ्ठ्या! ह्येला म्हनत्यात फौजी! परक्या मुलखाच्या बाईनं इचारलं, पन गड्यानं फौजेचं गुपित फोडलं न्हाई!"

जयराज उडी मारून आला, "ॲक्च्युअली हा निषेध आहे! जुनं पॅनेल आलं म्हणून काकांनी त्या देशाची ओळखच नाकारली! काका, मानलं!"

"आरं न्हाई रं!" नाथाजी वरडतोय, "खरंच न्हाई ग्येलो! गालगुंडं!"

"बघा, बघा, आजून न्हाई सांगत!" आनि दोन्ही पॅनेलनी मिळून उचलला त्येला. एका कानात गुलाल, दंडाला काळी फीत! आता मला सांगा, मानसानं खरं बोलावं म्हनून किती वर्सं धीर गोळा करावा, आनि गावानं त्यो असा टाळ्यांत घालवावा? नाथाजीचं काय चुकलं?

घरी आला. उंबऱ्यावर बसला. राहीबाईनं पान्याचा तांब्या म्होरं ठिवला. मंग म्हनली, "तवा गालगुंडात तुमास्नी बघितलं कुनी? पेज कोन दित हुतं?"

येवड्या गावात तिनंच इस्वास ठिवला, आनि तिनंच बरुबर परश्न इचारला. नाथाजी म्हनला, "दवाखान्यात खिचडी मिळायची. गिळवत नव्हती." आनि मानूस रडला वो… सुभेदार! ती म्हनली, "मला सांगायचं न्हाई व्हय? म्या काय तुमास्नी फ्रान्स बघून पत्करलं हुतं?"

हितं संपाय पायजे हुतं का न्हाई? पन न्हाई!

स्वप्नालीनं बिचारीनं जसंच्या तसं सांगितलं. पन तिकडं रेडिओवर बातमी काय झाली? 'निकालाने व्यथित भारतीय माजी सैनिक म्हणतो : माझा फ्रान्सशी संबंध नाही!' त्यावर तिकडं वाद. एक म्हनतोय, बघा, जगात आपली इज्जत ग्येली. दुसरा म्हनतोय, ह्यो सुभेदार इरोधकांनी पेरलेला हाय! स्वप्नाली फोन करकरून सांगती, "अहो, गालगुंडं, गालगुंडं!" तर त्येंनी तिलाच इचारलं, "हे गालगुंड म्हणजे तिकडचा कुठला पक्ष?"

हिकडं आमच्या सोसायटीचं म्हनाल तर दोन्ही पॅनेलच्या अर्जांत चुका निघाल्या, समदं बाद झालं, आनि फलटनचा एक सायेब परशासक म्हनून यिऊन बसला. त्यो ना जुना, ना नवा. त्यो अकरा वाजता येतो आनि च्या पितो.

आनि म्हैन्यानं नाथाजीला पत्र! जाड कागद, वर शिक्का. फ्रान्सातल्या एका ल्हान गावाचा म्येयर. त्येच्या गावात म्हनं पैल्या म्हायुद्दात पडलेल्या आपल्या जवानांचा दगड हाय. स्वप्नालीनं मोबायलातनं बघून वाचून दावलं, "प्रिय सुभेदार, सरकारं येतात आणि जातात. आमच्या निकालामुळं तुम्ही आमच्यावर रागावू नका. तुमच्या सैनिकांच्या स्मारकाला आम्ही तुमच्या हातून फूल वाहू इच्छितो. कृपया सपत्नीक, पुन्हा या."

नाथाजी म्हनला, "जायचं न्हाई." राहीबाई म्हनली, "का न्हाई? त्या दगडावर कुनाकुनाची नावं आसतील, त्येंच्यापाशी आपल्या गावचं कोन ग्येलंय का कवा?"

मंग दोघं सांगलीला, गोमटेशच्या हाफिसात. त्यो परदेशाची कागदं भरून दितो. पोरगं हुशार, हात चालू, त्वांड चालू. नाव, गाव, जलमतारीक… "काका, पुढचा प्रश्न. यापूर्वी फ्रान्सला गेला होता का?"

"न्हाई," नाथाजी म्हनला. लय खनखनीत म्हनला.

गोमटेशनं चष्म्यावरनं बघितलं. "काका, हितं चेष्टा नको. हितं खोटं चालत न्हाई."

"आरं, म्या खरंच सांगतोय!"

"आवं, म्येयर लिवतोय 'पुन्हा या'. फ्लेक्सवर 'फ्रान्स रिटर्न'. तिकडच्या रेडिओवर तुमच्यावरनं भांडनं झाली. आनि तुमी 'न्हाई' लिवनार? दोन कागद जुळलं न्हाईत की अर्ज परत. काकूंचाबी."

"माझ्या पासपोर्टावर शिक्का हाय का बघ की! कोरा हाय त्यो!"

"तवाचा पासपोर्ट फौजेचा, त्यो सरकारजमा हुतो काका, मला ठावं हाय. बोला, काय लिवू?"

नाथाजीनं राहीबाईकडं बघितलं. ती पिशवी मांडीवर घिऊन बसलीती, पिशवीत दोघांचं स्वेटर. पावसाळा सुरू व्हायचा हुता आजून, पन बाईनं स्वेटर घेतलंवतं. त्येनं सुस्कारा सोडला. म्हनला, "लिव बाबा, तुला काय लिवायचं त्ये."

तर मंडळी, येत्या अकरा तारखंला आमचा नाथाजी आयुष्यात पैल्यांदा फ्रान्सला चाललाय… दुसऱ्यांदा!