बिनचष्म्याचा जलवा

अवं नाई चुकत, नाई चुकत! चष्मा काढून ठेवला म्हणून काय आंधळी झाली का मी? हात ओढू नको — पाह्य, आता वेल वाकडी झाली असती. माह्यं उलट हाय बेटा. चष्मा लावला का मले तुमचं फाटक दिसते, फाटकाजवळची तुमची बकरी दिसते, पण तुह्या हातावरची रेघ नाई दिसत. अन् चष्मा काढला, नाक असं तळहाताले टेकवलं, का मंग बारीकात बारीक दिसते — हे पाह्य, करंगळीच्या बुडाशी तीळ हाय तुले. माहीत होता? नाई ना! तुह्या आधी मले दिसला. मायनस अकरा नंबर हाय, मजाक नाई. कोणाले भी इचार अमरावतीत, जेबाआपाची मेंदी म्हणून चांदूर बाजारपर्यंत बोलावतात मले — पण आमच्या गल्लीत इचारशील तर म्हणतील, कोण, ते सुंघून मेंदी काढते ते? हो, तेच! सुंघूनच काढते. तुह्या हाताले लसणाचा वास येऊन राहिला, तेही सांगते. नवरीनं लसूण सोलायचा असते का वं मेंदीच्या दिवशी?

हं, घसरला तुहा चष्मा. थांब, मी वर करते. दोन्ही हात गेले ना आता कामातून — नाक खाजवायचं म्हटलं तरी दुसऱ्याले सांगा लागते. किती नंबर? नऊ? नऊच! मंग तर तू लेकरू हाय आमच्यात. शाळेत काय म्हणत तुले? ढापणी? बस? मले सोडावॉटर म्हणत — सोडावॉटरच्या शिशीचं बूड फोडून डोळ्याले लावलं म्हणून. अन् चहा? चहाची पहिली वाफ चष्म्याची, मंग घोट आपला, हाय का नाई? अन् सकाळी उठलं का चष्मा शोधायले पहिले चष्मा पायजे. काजळाचं तर इचारूच नको — आरशाले नाक लावा लागते, अन् नाक लावलं का आरशावर वाफ! ईदच्या दिवशी माह्या एका डोळ्यात काजळ अन् दुसऱ्या डोळ्याच्या खाली काजळ. एकदा तर बाई चष्म्याची काडी तुटली म्हणून तशीच बाजारात गेली, पिवळा शर्ट पाह्यला, वांग्याची पिशवी दिली त्याच्या हातात, म्हटलं धरा, मी कोथिंबीर घेऊन येते. तो कोण होता काय माहीत! आमचे हे पानठेल्यावर उभे राहून पाह्यत होते सगळं. बोलले काय? नाई. म्हणे मले पाह्यचं होतं पुढं त्याच्या हातात काय काय देते ते. असा माणूस हाय तो.

तू बोलत काहून नाई? हात जरा इकडे दे. तुही मावशी तर भल्ली बोलते — मैनाबाई ना? मी येऊन बसली नाई तं अंगणातून ओरडून सांगून राहिल्या होत्या सगळ्यायले, उद्या प्राजक्ताच्या डोळ्याले चष्मा नाई पायजे, फोटो जन्मभर राहतात, स्टेजवर मी धरून नेईन तिले, पायऱ्या मी सांगीन. मी म्हटलं — मनातच म्हटलं वं, मेंदीवालीनं कशाले तोंड घालावं — म्हटलं नवरीले नेऊन राहिल्या का कौंडण्यपूरच्या जत्रेत म्हातारीले घाट उतरवून राहिल्या? तुहे डोळे मोठे हाय म्हणे, चष्म्यात बारीक दिसतात. ते तर दिसतातच. माहे तर मनुक्यावाणी दिसतात. मंग काय मनुके फेकून देऊ?

लेन्स लावून पाह्यली? लाल झाले? डॉक्टरच नाई म्हणाला, हं. अन् नवरदेव — गोपाल ना, अकोल्याचा — त्यानं पाह्याले आला तवा तुले चष्म्यात पाह्यलं का बिनचष्म्याचं? चष्म्यातच! अन् त्याच्या मायनं? तिनंही? अरे वा! म्हणजे मियाँ-बीवी राजी, सासू राजी, अन् इथं मावशीच काजी!

नाई, हसू नको हलू नको, अंगठ्यावर हाय मी. ऐक, तुले गंमत सांगते. माह्या लग्नात हेच झालं. माहेर माह्यं अकोल्याचं, बारात अमरावतीहून आली. आमची खाला — तुह्या मावशीची सख्खी बहीण समज, स्वभावानं — तिनं काय केलं, माह्या नाकावरचा चष्मा काढला अन् टाकला आपल्या पर्समधी. म्हणे दुल्हन अच्छी नहीं लगती चश्मे में. अन् आमच्यात निकाह झाल्यावर जलवा असते. नाई माहीत? नवरा-नवरीले बसवतात, दोघायच्या डोक्यावर एक लाल ओढणी, अन् मधात आरसा. त्या आरशात एकमेकाचं तोंड पाह्यचं, पहिल्यांदा. आमचं तर खरंच पहिल्यांदा होतं, फोटो पाह्यला होता तेवढाच. सगळ्या बायका वरतून वाकून राहिल्या, लेकरं पायात घुसून राहिली, अन् मी पाह्यलं आरशात. काय दिसलं? वांग्याचं भरीत! कसम से. एक पांढरं, एक पिवळं, मधात काहीतरी सावळं-सावळं. बायका म्हणतात, दुल्हन, क्या दिखा? मी मान खाली घातली. तर म्हणे शरमा गई, शरमा गई! शरम कायची वं, मी शोधून राहिली होती का ह्याच्यात नाक कुठी हाय!

अन् पुढचं ऐक. खाला जेवली, पान खाल्लं, अन् पर्स घेऊन बाळापूरले घरी निघून गेली. चष्मा तिच्यासंगं! मी अमरावतीले सासरी आली ते अशी, आंधळी कोशिंबीर खेळत. आता सासरा अन् नवरा, दोघंही उंच, दोघंही पांढऱ्या कुर्त्यातले. मी सासऱ्याले पाहून लाजली, अन् नवऱ्याले पदर घेऊन, वाकून सलाम केला — जीते रहो म्हणतील म्हणून उभी! सगळ्या नवऱ्या हसतात हे ऐकून. तूही हास. हसली का? आवाज करून हास वं, मले दिसत नाई ना तुह्यं तोंड, मी तर तुह्या हातात हाय.

…हे काय? पाणी कुठून आलं? कोयरीवरच पडलं पाह्य — पसरली ना कोयरी! कोणं वरतून पाणी सांडवलं का — थांब. थांब, माहा चष्मा कुठी गेला. उशीजवळ ठेवला होता… हं.

माय वो! रडून राहिली तू? कवापासून? अन् मी खुळ्यावाणी भरीत सांगून राहिली तुले! पुस — कायनं पुसशील, हात तर रंगवून ठेवले मी. इकडे ये. चष्मा काढते तुहा, काचा पुसून देते… नाई, ओढणीनं नाई पुसत, चरे पडतात, हा मऊ कपडा हाय माह्याजवळ. घे. दिसते आता? काय झालं? बोल ना. … हं. … हं. अंतरपाट. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, अन् तुले काही दिसणार नाई. सगळे टाळ्या वाजवतील, अक्षता टाकतील, अन् तुह्यासमोर नुसतं पांढरं-पिवळं उभं राहीन. ते समजून रडून राहिली. मंग मावशीले काहून नाई सांगितलं? सांगितलं? काय म्हणे? नवऱ्याले काय नंतर जन्मभर पाह्यचंच हाय म्हणे.

जन्मभर पाह्यचं हाय… हो. खालाही हेच म्हणे.

मंग काय? मंग काही नाई, गोष्ट खतम. मी एवढीच सांगते सगळ्यायले. सासऱ्यापाशी सगळ्या हसतात अन् मी पुढच्या बोटावर जाते. … नाई वं, पुढं काय राहते. इथं धर हात, कोयरी वाळू दे जराशीक. … आता कसं सांगू तुले. खालानं चष्मा पाठवला आठवडाभरानं. मी पाह्यला माहा नवरा. चांगला होता दिसायले, माह्याहून चांगला. पण थंडा, बाई, लय थंडा. आप, आप करून बोलत. पाणी पायजे तं बहिणीले मागत. गाडीच्या सीटा शिवायचं दुकान हाय आमचं बडनेऱ्याच्या रस्त्यावर, तिथंच बसून राहत. दुकानात गिऱ्हाईक नसन तरी दुकानातच. मी म्हटलं स्वभाव असन एकेकाचा. रडत भी होती म्हण, न्हाणीघरात. मले वाटे ह्यायले चष्मेवाली पसंत नाई. पूर्ण एक हिवाळा असा गेला, एका खोलीत दोन पाव्हणे.

मंग ईद आली. मी अन् माही नणंद खातूनबी शेवया करत बसलो होतो. ते म्हणे, भाभी, ग़ुस्सा मत होना, एक बात कहूँ? जलवे में मेरे भाई ने तुमको सलाम किया था. सेहरा हटाया, ऐसे दो उंगलियाँ उठाईं, और हँसा. अम्मी के जाने के बाद पहली बार हँसा था वो. और तुम ऐसे देखती रहीं जैसे दीवार को देख रही हो.

समजलं तुले? त्यानं मले सलाम केला होता आरशात. अन् वाट पाह्यली असन का मी काही करीन. निदान हसीन. अन् मी भरीत पाहून राहिली होती! तवापासून तो समजून बसला का पोरीले मी पसंत नाई, घरच्यायनं जबरदस्ती केली, कशाले जवळ जाऊन तरास द्यायचा. तो तिकडे असं समजून राहिला, मी इकडे तसं. मी परात सोडली अन् पिठाच्या हातानं तशीच दुकानात गेली, भर गिऱ्हाइकात म्हटलं — मले दिसलंच नाई! माहा चष्मा खालेच्या पर्समधी होता! पाह्यतच राहिले माह्याकडे, सुई तशीच हातात. मंग असे हसले, असे हसले का गिऱ्हाईकही हसाले लागलं.

ते हसणं पाह्यलं मी. ते माह्यंच होतं, चांगलं होतं. पण ते पहिलं? ते खातूनबीनं पाह्यलं. शेजारणीनं पाह्यलं. नाक गळणाऱ्या लेकरायनं पाह्यलं. ज्याच्यासाठी होतं तिलेच नाई दिसलं. कितीकदा म्हटलं ह्यायले, करून दाखवा ना एकदा, तसाच सलाम. करतात बिचारे. पण नाटक केल्यावाणी होते ते, शरमतात, टक्कल खाजवतात. नाई येत तसं तोंड दुसऱ्यांदा. वाईट वाटते मले. पोरं मोठी झाली माही, तरी वाटते. कोणाच्या लग्नात आरसा आणला का मी उठून स्वयंपाकाकडे जाते.

पाह्य, काय सांगून बसली तुले. तुह्या रडण्यानं सगळी गडबड केली.

कोण? मैनाबाई? या ना वो, या! … हो, झालंच, एक हात राहिला जरासा. … फोटोवाला आला? आताच? … चष्मा? मी कशी काढू वो तिचा चष्मा, मी मेंदीवाली. तिच्याच नाकावर हाय, तिलेच इचारा.

…

ऐकलं ना मावशी? नाई म्हणते. … उद्या भी नाई म्हणते. … माह्याकडे काहून पाह्यता वो? मी काही शिकवलं नाई, मी तर कोयरी काढून राहिली कवाची. पोरीचे फोटो चष्म्यात छान येतात, फोटोवाल्याले सांगा फक्त उजेड समोरून नको मारू म्हणा, काचा चमकतात. … बरं, बरं. जेवून जाईन, हो.

गेल्या. तोंड पाह्यलं का मावशीचं? मीही पाह्यलं, चष्मा लावूनच होती आता. राहतील जराशीक फुगून, हळदीपर्यंत उतरन. — हॉर्न वाजला. हे आले आमचे. आली हो! थांबा पाच मिनिटं! — पाच मिनिटाचा अर्धा तास होते त्यायले माहीत हाय. आता त्यायले जवळचं दिसत नाई, मले बिनचष्म्याचं दूरचं. त्यायच्या गोळीच्या पाकिटावरचं बारीक मी वाचते, अन् सकाळी उशाखालचा माहा चष्मा ते शोधून देतात. भागते दोघायचं.

आण हात. काढला चष्मा मी, आता रडशील तर मले कळणार नाई, कोयरी पुन्हा गेली तर मी जबाबदार नाई. नवरदेवाचं नाव ह्या पसरलेल्या कोयरीतच लपवते, शोधू दे त्याले, तो काय चष्मा लावते का? नाई लावत? मंग शोधन. अन् ऐक. उद्या अंतरपाट खाली आला का हाराची घाई नको करू. मामा ढकलन मांगून, ढकलू दे. लाजून मान खाली घालू नको. पहिले पाह्यजो त्याचं तोंड. चांगलं, पोटभर पाह्यजो. माह्या वाटचंही पाह्यून घेजो.

चाल, लिंबू-साखरेची वाटी सरकव पायानं इकडे. अन् आता गप बस जराशीक. किती बोलवून घेते वं तू माणसाले!